घरातल्या कागदांसाठी टीपीएम चिप: ती कशाची हमी देते आणि कशाची नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका मूळ घराचे अकरा भाऊबंद आता पणजी, फोंडा, सावंतवाडी, पुणे आणि इंग्लंडमधले स्विंडन असे विखुरले आहेत. पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद, इन्व्हेंटरीच्या (वारसांतल्या वाटणीच्या) दाव्याची फाइल, एक-चौदाचे (गोव्यातले सात-बारासारखे) उतारे, मुखत्यारपत्रे, आजोबांच्या पिढीचे जन्मदाखले असे सहाशेएक कागद त्यांनी स्कॅन केले आहेत. हे कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचे नाहीत. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक प्रत असावी आणि लॅपटॉपांनी थेट एकमेकांशी बोलून ती ताजी ठेवावी, म्हणजे पीअर-टू-पीअर, असे त्यांनी ठरवले आहे. त्यांच्यातला एक मुलगा विचारतो: "नव्या लॅपटॉपांत टीपीएम चिप असते. तिच्या जोरावर समोरच्या मशीनवर आपण ठरवलेलेच सॉफ्टवेअर चालते आहे आणि तिथून कागद बाहेर जाणार नाहीत, एवढी खात्री करून घेता येईल का? शिवाय आमच्यातले कोण कोणाशी जोडलेले आहे, हे बाहेरच्याला कळता कामा नये."

तुमची भीती रास्त आहे. गोव्यात बनावट विक्रीखते उभी करून लोकांच्या जमिनी परस्पर विकल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. घराण्यातल्या सगळ्या वारसांची नावे, सह्या, जन्मतारखा आणि सर्व्हे नंबर एकाच फोल्डरमध्ये मिळाले, तर बनावट कागद करणाऱ्याचे निम्मे काम तिथेच होते. जन्मदाखल्यांची गोष्ट आणखी नाजूक. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या नोंदींवरून पुढच्या पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करतात. घरातले कोण त्या वाटेवर आहे, हे सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगितले जात नाही. त्यामुळे "कोण कोणाशी जोडलेले आहे" हा भाग तुम्ही शेवटी लिहिला असला, तरी मी त्याला पहिल्या भागाइतकेच वजन देतो.

माझे उत्तर आधी सांगतो. टीपीएम आपल्या स्वतःच्या लॅपटॉपच्या रक्षणासाठी जरूर वापरा. समोरच्या भाऊबंदावर पहारा ठेवायला वापरू नका. त्या कामाला ती पुरी पडत नाही, आणि तो पहारा ठेवताना ज्या नोंदी तयार होतात त्याच तुमची गुपिते सांगतात. सर्व्हर आणि त्यांची सुरक्षा हे काम मी बावीस वर्षे करतो आहे. त्यातली काही वर्षे याच विषयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिप काय करते ते आधी पाहू. ट्रस्टेड कॉम्प्युटिंगची, म्हणजे मशीनवर काय चालते याची साक्ष चिपकडून घेण्याच्या कल्पनेची, सुरुवात १९९९ साली कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केली. २००३ मध्ये त्या गटाची जागा ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुपने घेतली. आज लॅपटॉपांत दिसते ती त्यांच्या चिपची आवृत्ती टीपीएम २.०; विंडोज ११ ने ती सक्तीची केली, म्हणून तुमच्या नव्या मशीनांत ती आहे. तिची कामे मुख्यतः दोन. एक, किल्ल्या स्वतःच्या पोटात ठेवायच्या आणि बाहेर द्यायच्या नाहीत. दुसरे, मशीन सुरू होताना काय काय चढले याचा हिशेब ठेवायचा.

हा हिशेब कसा चालतो ते समजायला देवळाच्या जमाखर्चाची वही आठवा. पानाच्या तळाशी बेरीज होते आणि पुढच्या पानावर "मागील पानावरून" म्हणून ती ओढली जाते. मधल्या एखाद्या पानावरचा आकडा कोणी बदलला, तर शेवटची बेरीज जुळत नाही. टीपीएममध्ये पीसीआर नावाची अशीच चोवीस खाती असतात. मशीन चालू केल्यावर मुख्य खाती शून्यावर येतात. मग बायोसची (मशीन जागे करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची) नोंद होते, बायोस बूटलोडरची (विंडोज किंवा लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामची) नोंद करतो, बूटलोडर कर्नलची (विंडोज किंवा लिनक्सच्या गाभ्याची). नोंद करायची रीत एकच. खात्यातली जुनी किंमत आणि नव्या प्रोग्रामचा हॅश (त्याच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा) एकापुढे एक मांडायचे, दोन्हींचा मिळून एसएचए-२५६ या रीतीने हॅश काढायचा आणि तोच खात्याची नवी किंमत म्हणून ठेवायचा. खोडून लिहायची सोय नाही. बूटलोडरमध्ये कोणी एक बाइट जरी बदलला, तरी शेवटची किंमत ओळखू येणार नाही इतकी वेगळी निघते.

दुसऱ्या मशीनला हे दाखवायचे असेल, तर ते मशीन एक ताजा, अंदाज न येणारा आकडा पाठवते. चिप त्या आकड्यासकट खात्यांच्या किमतींवर सही करून देते. आकडा दर वेळी नवा, म्हणून कालची सही आज खपत नाही. याला रिमोट अटेस्टेशन म्हणतात. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग याच्यावरच उभा आहे.

आता ही साक्ष कुठवर पोचते ते बघा. कोणते प्रोग्राम चढले हे ती सांगते. चढल्यानंतर एखाद्या त्रुटीतून कोणी आत शिरले का, हे सांगत नाही. कीबोर्डपुढे कोण बसले आहे, तेही सांगत नाही. आणि पडद्यावर दिसणाऱ्या कागदाचे पुढे काय होते, यावर तिचा काही इलाज नाही. माझ्यासमोर घडलेले सांगतो. एका कुटुंबासाठी मी अशी कडेकोट व्यवस्था लावली होती: प्रिंट बंद, पेनड्राइव्ह बंद, स्क्रीनशॉट बंद. वापर कसा करायचा ते दाखवायला सगळ्यांना एकत्र बसवले. घरातल्या मावशींनी पहिलाच उतारा उघडला, पर्समधून मोबाइल काढला, पडद्याचा फोटो घेतला आणि मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला: "हाच ना रे तो सर्व्हे नंबर?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मुलगा चार दिवस विचारत होता, त्याला उत्तर दिले, एवढेच. त्या दिवसापासून "तिथून कागद बाहेर जाणार नाहीत" हे वाक्य मी कुणालाही लिहून देत नाही.

ही कल्पना मुळातच चुकीची आहे, असे मात्र नाही. ट्रस्टेड कॉम्प्युटिंगवर सुरुवातीला मोठी टीका झाली ती गाणी आणि सिनेमे विकणाऱ्या कंपन्या आपल्याच मशीनला आपल्यावर पहारेकरी बसवतील म्हणून. २००३ मध्ये हार्वर्डच्या तीन संशोधकांनी या वादाची उलटी बाजू मांडली. हीच चिप पीअर-टू-पीअर जाळ्यांच्याही कामी येईल, असे ते म्हणाले. जाळ्यातले मशीन समोरच्याला विचारू शकेल: तू खरेच आपला ठरलेला प्रोग्राम चालवतोस ना, की मी काय मागतो याची गुपचूप नोंद करणारा बदललेला प्रोग्राम? ज्या जाळ्यात कोणीही येऊ शकतो, तिथे हा प्रश्न फार मोलाचा आहे. फाइली वाटून घ्यायच्या बिटटोरेंट जाळ्यात तुम्ही एखादी फाइल घेत असता, तेव्हा त्या फाइलच्या घोळक्यातल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. शेजारी प्रामाणिक आहे की टेहळ्या, हे ओळखायची सोय जाळ्यात नाही.

आणखी एक जुने दुखणे आहे. २००२ मध्ये जॉन डाउसर यांनी दाखवून दिले, की ओळखपत्र देणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर एकच माणूस हजार नावांनी जाळ्यात शिरू शकतो. याला सिबिल हल्ला म्हणतात. गुप्ततेला याचा थेट धोका असतो: तुमच्या अवतीभवतीचे सगळे "शेजारी" एकाच माणसाचे निघाले, तर तुमची प्रत्येक विचारणा त्याच्याच वहीत जाते. इथे टीपीएम खरोखर उपयोगी आहे. एक नाव घ्यायला एक खरी चिप लागेल, असा नियम केला की हजार नावांना हजार चिपा विकत घ्याव्या लागतात. सॉफ्टवेअरने बनवलेली नकली टीपीएमही असते, म्हणून चिपसोबत तिच्या उत्पादकाचे प्रमाणपत्र तपासावे लागते.

अडचण त्या प्रमाणपत्रापाशीच सुरू होते. प्रत्येक टीपीएमची एक मूळ किल्ली असते, जगात एकमेव. प्रत्येक शेजाऱ्याला तिचाच दाखला देत गेलात, तर तुमच्या मशीनला कायमचा बिल्ला लागला. आयपी बदला, नाव बदला, पुण्याहून स्विंडनला जा, बिल्ला तोच. लोकांना हे आधीपासून खटकत आले आहे. १९९९ मध्ये इंटेलने पेंटियम ३ मध्ये प्रोसेसरचा अनुक्रमांक वाचायची सोय दिली, तेव्हा इतका विरोध झाला की पुढच्या प्रोसेसरांतून ती काढून टाकावी लागली. टीपीएमच्या आखणीत म्हणून मूळ किल्लीने थेट सही करूच दिली जात नाही. आधी मधल्या एका विश्वासू संस्थेकडे जायचे, तिला मूळ किल्ली दाखवायची आणि तिच्याकडून एका टोपण किल्लीचा दाखला घ्यायचा, अशी तजवीज केली. पण मग त्या संस्थेकडे कोणती टोपण किल्ली कोणाची याची पूर्ण यादी जमते. मध्यस्थ नको म्हणून पीअर-टू-पीअर घेतले, आणि मध्यस्थ पुन्हा दारात उभा.

यावर २००४ मध्ये ब्रिकेल, कामेनिश आणि चेन यांनी जी युक्ती काढली, ती या क्षेत्रातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या कल्पनांपैकी एक आहे. नाव डायरेक्ट अ‍ॅनॉनिमस अटेस्टेशन. चिप एकदाच दाखला घेते. पुढे दर वेळी ती गणिताने सिद्ध करते की "माझ्याकडे खरा दाखला आहे", आणि कोणता ते दाखवत नाही. दाखला देणारी संस्थासुद्धा नंतर तिला ओळखू शकत नाही. यात एक छोटी कळ ठेवली आहे. सही करताना एक नाव जोडता येते, समजा जाळ्याचे नाव. त्याच नावाखाली एकाच चिपने दोनदा सही केली, तर दोन्ही सह्या एकाच्याच आहेत एवढे कळते; वेगळ्या नावाखाली केली, तर काहीच जुळत नाही. म्हणजे तुमच्या जाळ्यात एका चिपला एकच टोपणनाव, आणि त्या टोपणनावाचा बाहेरच्या जगाशी संबंध लावता येत नाही. सिबिल हल्ला आवरला आणि बिल्लाही लागला नाही. कागदावर तरी दोन्ही साधते.

व्यवहारात काय होते ते २०१८ मध्ये दिसले. इंटेलच्या एसजीएक्समध्येही (प्रोसेसरच्या आतच गुपिते वेगळी ठेवायच्या सोयीतही) अशाच जातीची निनावी सही वापरली होती. फोरशॅडो नावाच्या हल्ल्याने एसजीएक्स असलेल्या प्रोसेसरमधून सही करायची किल्लीच बाहेर काढून दाखवली. सही निनावी असल्यामुळे कोणती साक्ष त्या फुटलेल्या मशीनची आणि कोणती चांगल्याची, हे नुसत्या सहीवरून सांगता येत नव्हते. एक मशीन फुटले की सगळ्यांच्याच साक्षीवर संशय. चोराला वेगळे काढायचे तर सगळ्यांच्या सह्या ओळखू याव्या लागतात, आणि सह्या ओळखू आल्या की गुप्तता गेली. ही ओढाताण कुठल्या एका कंपनीच्या हलगर्जीपणातून आलेली नाही, ती या मागणीच्याच पोटात आहे. हे लक्षात आल्यापासून मी निनावी साक्षीवर एकट्या कुठल्याही गुपिताचा भार टाकत नाही.

आणि ज्याच्यामुळे माझे मत पक्के झाले तो मुद्दा असा. या चिपा ज्यांच्यापासून वाचवतात, त्यांच्यात मशीन हातात घेऊन शांतपणे बसणारा माणूस बहुतेक वेळा नसतो. पीअर-टू-पीअरमध्ये तर प्रत्येक मशीन तुम्हाला ज्याच्यापासून जपायचे आहे त्याच्याच टेबलावर असते. २०२४ मध्ये एका संशोधकाने दहा डॉलरांहून स्वस्त बोर्ड वापरून, जुन्या लॅपटॉपवर टीपीएम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून डिस्कची किल्ली ४३ सेकंदांत टिपून दाखवली. किल्ली त्या तारांवरून उघडीच जात होती. चिप प्रोसेसरच्या आत नेली म्हणून प्रश्न मिटत नाही. २०२३ मध्ये एएमडीच्या अशा टीपीएममधली गुपिते व्होल्टेजला झटके देऊन काढली गेली. २०२५ मध्ये मेमरीच्या कांड्या आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड बसवून सर्व्हरवरचे एसजीएक्ससुद्धा फोडले. डेटा सेंटरला कुलूप आणि पहारेकरी तरी असतो. घरी लॅपटॉप एका संध्याकाळपुरता कोणाच्याही हातात असू शकतो.

आता नोंदींबद्दल, कारण "कोण कोणाशी" याचे उत्तर तिथे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका ग्राहकाकडे आम्ही चाळीस लिनक्स मशीनांवर रिमोट अटेस्टेशन बसवले. एका सोमवारी सकाळी बायोसचे अपडेट गेले, पहिल्याच खात्याची किंमत बदलली आणि चाळीसच्या चाळीस मशीने अविश्वासू ठरली. काम थांबले. "तात्पुरते" म्हणून सगळ्यांना आत घेणारा नियम टाकला गेला, आणि तो सात महिने तसाच राहिला. मला मात्र त्याहून जास्त लागले ते दुसरेच. लिनक्समध्ये आयएमए नावाची सोय आहे. ती चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा हॅश आणि फाइलचे नाव खाते क्रमांक १० मध्ये नोंदवते, आणि साक्षीसोबत ती यादी तपासणाऱ्याकडे जाते. एका तंत्रज्ञाच्या यादीत पोर्तुगीज शिकवणाऱ्या प्रोग्रामचे नाव होते, आणि ते कोणत्या वेळच्या साक्षीत पहिल्यांदा आले यावरून तो जेवणाच्या सुट्टीत चालवला हेही कळत होते. त्याच्या वरिष्ठाने ते वाचले आणि हा पासपोर्टच्या मागे आहे असे ताडले. चार दिवसांत ते सगळ्या विभागात पसरले. तो मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने एवढेच विचारले, "हे तुमच्या सिस्टीममुळे कळले ना?" होय, आमच्याचमुळे कळले. सुरक्षा म्हणून जमवलेल्या त्या नोंदी वाचायला किती जण बसतील, याचा विचार आम्ही केला नव्हता. तुमच्या अकरा घरांत एकमेकांच्या लॅपटॉपांची अशी तपासणी सुरू केलीत, तर कोण रात्री किती वाजता काय चालवतो याची वही प्रत्येक भावाकडे तयार होईल.

तेव्हा तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगतो.

पहिल्यांदा डिस्क. तुमचा सगळ्यात मोठा धोका हा लॅपटॉप हरवणे, चोरीला जाणे आणि दुरुस्तीच्या दुकानात उघडा पडणे हा आहे. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावायचे साधन) टीपीएमसह चालू करा आणि त्यावर सुरू होतानाचा पिन लावा. पिन असेल तर वर सांगितलेली तारांवरची चोरी साधत नाही, कारण पिन दिल्याशिवाय चिप किल्ली सोडतच नाही. विंडोज होममध्ये असा पिन लावायची सोय नाही आणि रिकव्हरी की (चिपने किल्ली दिली नाही तर डिस्क उघडायची जादा किल्ली) मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. अशा मशीनवर कागदांचा फोल्डर व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामच्या बंद पेटीत, लांब पासवर्डने ठेवा. लिनक्सवाल्यांनी डिस्कची किल्ली टीपीएम आणि पिन दोन्हींना बांधावी, आणि वर सांगितलेल्या चोवीस खात्यांपैकी खाते ७ वर बांधावी. त्यात सिक्युअर बूटचे, म्हणजे कोणाची सही असलेलेच प्रोग्राम चढू द्यायचे याचे, नियम नोंदले जातात, त्यामुळे कर्नलच्या प्रत्येक अपडेटला दार बंद होत नाही.

रिकव्हरी की कागदावर छापा. हे मी हात जोडून सांगतो. जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज पडून माझ्या एका नातेवाइकाच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुकानाने नवा बसवून दिला, डिस्क धडधाकट होती. पण चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली आणि किल्ली तिच्या पोटात. रिकव्हरी की त्याने त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवली होती. वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते; ते आजही त्या डिस्कवर आहेत आणि कोणालाही उघडत नाहीत.

मग जुळवणी. लॅपटॉपांतले फोल्डर थेट एकमेकांशी जुळते ठेवणारे सिंकथिंग हे सॉफ्टवेअर तुमच्या कामाला योग्य आहे. त्यात प्रत्येक मशीनची ओळख म्हणजे त्याच्या प्रमाणपत्राचा हॅश, आणि तुम्ही स्वतः जोडल्याशिवाय कोणी आत येत नाही. ओळखीच्या अकरा घरांत सिबिलचा प्रश्न उरत नाही, त्यामुळे निनावी साक्षीचे एवढे मोठे गणितही लागत नाही. मात्र मशीनची खाजगी किल्ली त्यात डिस्कवरच्या साध्या फाइलमध्ये असते. ती फाइल ज्याने उचलली, तो तुमच्या मशीनच्या नावाने जाळ्यात शिरेल. डिस्कचे कुलूप आधी सांगितले ते यासाठीही.

सेटिंगमध्ये ग्लोबल डिस्कव्हरी (मशीनचा पत्ता शोधून देणारा बाहेरचा सर्व्हर) आणि रिले (थेट जोडणी जमली नाही तर मधून कागद पोचवणारा सर्व्हर) दोन्ही बंद करा. रिलेला कागद दिसत नाहीत, पण कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी किती वेळ बोलला हे दिसते. डिस्कव्हरी सर्व्हरला कोणते मशीन कोणत्या आयपीवर आहे ते कळते. हे बंद केल्यावर मोबाइल डेटावरची मशीने एकमेकांना सापडणार नाहीत, म्हणून एक छोटे, कायम चालू मशीन लागेल. ते फोंड्याच्या घरी, कुलपाच्या कपाटात ठेवा आणि त्याला फक्त टॉरच्या (कोण कोणाशी बोलतो ते झाकणाऱ्या जाळ्याच्या) ऑनियन पत्त्यावरून, म्हणजे त्या जाळ्यातच चालणाऱ्या पत्त्यावरून, जोडा. तुमच्या इंटरनेट कंपनीला टॉर वापरता एवढे दिसेल, स्विंडनशी बोलता हे दिसणार नाही. क्रम मात्र पाळा: आधी डिस्कव्हरी बंद, मग टॉर. २०१० मध्ये टॉर प्रकल्पानेच लोकांना बजावले होते, की टॉरवरून बिटटोरेंट चालवले तरी बिटटोरेंटचा प्रोग्राम स्वतःच्या संदेशात खरा आयपी लिहून पाठवतो. झाकलेल्या पालखीतून जाताना आतल्याने हाक मारू नये, एवढी काळजी प्रोग्रामची घ्यावी लागते. सहाशे स्कॅन पहिल्यांदा जायला वेळ लागेल. रात्रभर चालू द्या.

त्या फोंड्याच्या मशीनला सिंकथिंगमध्ये "अनट्रस्टेड" म्हणून जोडा. मग त्याच्याकडे फक्त कुलूपबंद तुकडे जातील, पासवर्ड त्याला कळणारच नाही. रिमोट अटेस्टेशन करायचेच असेल, तर इथे करा आणि मनापासून करा. या मशीनपुढे कोणी बसत नाही, त्यावर दोनच प्रोग्राम चालतात, अपडेट केव्हा द्यायचे ते तुमच्या हातात आहे, आणि ते कोणा एका माणसाचे नसल्यामुळे त्याच्या नोंदीतून कोणाचे आयुष्य वाचता येत नाही. कीलाइम हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चांगले आहे. तपासणारे दोघे ठेवा, दोन वेगळ्या घरांतले.

माणसांचे काय, हा प्रश्न उरतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही, त्यामुळे भावाने भावाचा दाखला पुढे पाठवला तर त्या कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही. आपसांत एक पानी करार करा: कोणता कागद कोणाला विचारल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. जन्मदाखले सामाईक फोल्डरमधून काढा आणि ज्या त्या घराच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. अकरा जणांना सगळ्यांचे दाखले लागत नाहीत. वकिलाला किंवा मामलेदार कचेरीत द्यायच्या प्रतीवर कोणाच्या हातून, कशासाठी दिली ते आडवे छापा. मावशींच्या मोबाइलवर इलाज नाही, पण तो फोटो कोणत्या घरातून निघाला ते निदान कळेल.

हे सगळे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला करा. वर्षातून तेवढाच वेळ सगळे मूळ घरी असतात. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाल्यावर दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडा आणि एकमेकांची ओळख समोरासमोर जोडा. सिंकथिंगचा ओळख-क्रमांक सात-सात अक्षरांच्या आठ गटांत दिसतो. एकाने वाचायचा, दुसऱ्याने आपल्या पडद्यावर बोट ठेवून जुळवायचा. स्विंडनचा भाऊ येऊ शकला नाही तर त्याला व्हिडिओ कॉल लावा, आणि त्याचा आवाज ओळखणाऱ्या त्याच्या आईला शेजारी बसवून त्याची छप्पन्नही अक्षरे त्याच्याच तोंडून वाचून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून आलेला क्रमांक त्या दिवशी घेऊ नका.